आधी आपलं किती, ते मोजा

प्रश्न : ताई, मी ६७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. सासूबाई-सासरे त्याआधीच गेलेले. सांगलीतला फ्लॅट ह्यांच्या नावावर होता, नॉमिनी मी होते म्हणून सोसायटीनं तो माझ्या नावावर करून दिला. शिवाय माझ्या निवृत्तीच्या पैशांच्या २२ लाखांच्या ठेवी, १४ तोळे सोनं आणि सासरच्या गावी सामाईक सातबाऱ्यात थोडी जमीन. मुलगा पुण्यात, मुलगी सांगलीतच. दोघांचंही बरं चाललं आहे. माझ्या पश्चात फ्लॅट आणि जमीन गावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी आणि काही रक्कम हेमलकशाला, असं मनात आहे. ह्यांनी मॅट्रिकचा अभ्यास त्याच वाचनालयात, तिथल्या कंदिलाच्या उजेडात केला होता. वाचनालयाचे कार्यवाह म्हणतात, आमचे वकील सगळं लिहून आणतील, तुम्ही फक्त सही करा. मुलाला कुठून तरी कळलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, आमचं काही चुकलं का?" त्या दिवसापासून मला धड झोप नाही. दान करणं म्हणजे मुलांच्या तोंडचा घास काढणं होतं का? आणि नेत्रदानाचंही मृत्युपत्रातच लिहावं का?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर :

आदरणीय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घास काढण्याचा प्रश्न तुम्ही आधी विचारलाय, पण मी सुरुवात फ्लॅटपासून करते, कारण तिथं एक मोठी गफलत आहे.

तो फ्लॅट पूर्ण तुमचा नाही. सोसायटीच्या भागदाखल्यावर तुमचं नाव चढलं म्हणजे घर तुमच्या मालकीचं झालं, असं आपल्याकडे जवळजवळ सगळेच समजतात. नॉमिनी म्हणजे ज्याच्याशी सोसायटीनं किंवा बँकेनं व्यवहार करायचा तो माणूस. मालक ठरतो तो मृत्युपत्रानं, आणि ते नसेल तर वारसा कायद्यानं. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं. तुमचे यजमान मृत्युपत्राशिवाय गेले, त्यांच्या आई आधीच गेलेल्या; म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या मिळकतीचे तीन सारखे वाटे झाले. एक तुमचा, एक मुलाचा, एक मुलीचा. ते वाटे त्यांच्या निधनाच्या दिवशीच पडले, कागद कुणी केला असो वा नसो. त्या फ्लॅटमधला एक तृतीयांश तुमचा. मृत्युपत्रात तुम्ही देऊ शकता तो तेवढाच.

आता मुलाच्या वाक्याकडे पुन्हा पाहा. त्याला कायदा ठाऊक असेल किंवा नसेल, पण वडिलांच्या घरात आपलंही काही आहे एवढं त्याच्या मनाला माहीत आहे. ते घर आई सबंधच्या सबंध देऊन टाकते आहे, असं त्याच्या कानावर आलं. त्याला वाईट वाटलं यात लोभ दिसत नाही मला.

तेव्हा बाई, फ्लॅटचा विचार सोडा, हे माझं स्पष्ट मत. नुसता तुमचा तिसरा हिस्सा दिलात, तर वाचनालय तुमच्या मुलामुलीचं सहमालक होऊन बसेल, आणि अशा सहमालकीतून पुढे वाटपाचा दावा उभा राहतो. मुलांनी हक्कसोडपत्र करून सगळा फ्लॅट तुमच्या नावे केला, तरीसुद्धा गावच्या वाचनालयानं सांगलीतल्या फ्लॅटचं करायचं काय? महिन्याचा मेंटेनन्स भरायचा, घरपट्टी भरायची, भाडेकरू शोधायचा. विकायचा म्हटलं, तर सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. मूल्यांकन करा, जाहिरात द्या, देकार मागवा, अर्ज करा. मोठ्या संस्थांकडे या कामाला माणसं असतात. जिथं एक ग्रंथपाल आणि एक शिपाई आहे, तिथं ते घर कुलूपबंद पडून राहतं.

जमिनीचं तर त्याहून अवघड. सामाईक सातबाऱ्यात तुमचं पोटहिश्श्याचं मोजमापही झालेलं नसणार. शिवाय आपल्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन सरकारी परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याकडे जाऊ शकत नाही, आणि वाचनालय हे शेतकरी नव्हे. 'विकत नाही, मृत्युपत्रानं देतोय' ही पळवाटही चालत नाही. गुजरातच्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली तसा निकाल दिला आहे. जमीन मुलांसाठी ठेवा.

मग राहिलं काय? तुमच्या ठेवी आणि तुमचं सोनं. हे मात्र निर्विवाद तुमचं. पस्तीस-छत्तीस वर्षं खडूच्या धुळीत उभं राहून तुम्ही ते मिळवलं आहे. त्यातला एक रुपया कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवायला तुम्हाला ना मुलाची परवानगी लागते ना मुलीची. हयात आईवडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलांचा कायद्यानं काहीही हक्क नसतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर एवढंच : नाही, तो घास त्यांचा नाहीच.

किती द्यायचं? आकडा लिहू नका, हिस्सा लिहा. आज 'पाच लाख वाचनालयाला' लिहिलंत आणि देव न करो, उद्या मोठं आजारपण निघालं, ठेवी मोडत मोडत सहा लाखांवर आल्या, तर पाच लाख वाचनालयाकडे जातील आणि मुलांना एकच उरेल. तेव्हा मात्र मुलगा म्हणाला त्यात अर्थ असेल. म्हणून असं काहीसं :

'माझ्या निधनाच्या वेळी माझ्या नावावर ज्या काही बँकेतील व पोस्टातील ठेवी असतील, त्यांतून माझ्या आजारपणाचा, अंत्यविधीचा व देण्यांचा खर्च वजा जाता जी रक्कम शिल्लक राहील, तिचा एक चतुर्थांश हिस्सा अमुक संस्थेस (नोंदणी क्रमांक, पत्ता) द्यावा. सदर संस्था त्या वेळी कार्यरत नसल्यास माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी ती रक्कम सांगली जिल्ह्यातील तशाच उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेस द्यावी.'

चतुर्थांश हे मी आपलं उदाहरणाला घेतलं. तो आकडा तुमचा. पण शेवटचं वाक्य गाळू नका. गावच्या संस्था माणसांवर चालतात आणि माणसं जातात.

'अमुक संस्था' म्हणजे काय, याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथंच चांगल्या चांगल्या लोकांची मृत्युपत्रं अडकतात. तुम्ही लिहिलंय 'हेमलकशाला'. हेमलकसा हे गाव आहे. १९७३ साली तिथं सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प हे कामाचं नाव. तो प्रकल्प चालवणारी संस्था म्हणजे बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापन केलेली महारोगी सेवा समिती, वरोरा. आनंदवनही त्याच संस्थेचं. म्हणून मृत्युपत्रात नाव समितीचं यायला हवं, नोंदणी क्रमांकासह, आणि पुढे 'लोकबिरादरी प्रकल्प, हेमलकसा यासाठी'. नाव कसं लिहायचं, हे संस्थेला पत्र टाकून विचारा. अशा संस्था आनंदानं सांगतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

वाचनालयाचं तर आधी कागद पाहा. फलकावर 'स्थापना' म्हणून जुनं साल असतं, पण नोंदणी कुठल्या नावानं झाली आहे ते वेगळं असू शकतं. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकचा उतारा मिळतो. त्यावर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते वाचा. बऱ्याच गावांत उताऱ्यावरचे निम्मे विश्वस्त केव्हाच वारलेले असतात आणि बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. बँकेत खातं संस्थेच्या नावावर आहे ना, गेल्या तीन वर्षांचं ऑडिट झालंय ना, हेही विचारा. तुम्ही त्यांना तुमच्या कष्टाचे पैसे द्यायला निघाला आहात. विचारण्याचा हक्क तुमचा आहे, आणि ज्यांचा कारभार सरळ आहे त्यांना ह्या चौकशीचं वाईट वाटत नाही.

आणि कार्यवाहांना नम्रपणे सांगा : वकील माझा मी बघते. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्याला मृत्युपत्रातून मिळणार आहे त्यानंच ते लिहवून आणलं, सही करताना तोच शेजारी बसला होता, असं दिसलं की न्यायालयाची पहिली नजर संशयाची असते. १९५८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून हे तत्त्व पक्कं आहे, आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. तुमच्या मुलानं मनात आणलं तर एवढ्या एका गोष्टीवर वाचनालयाला दहा वर्षं कोर्टात बसवता येईल. साक्षीदारही संस्थेतले नकोत, आणि मुलगा, मुलगी, जावईही नकोत.

साक्षीदारांवरून माझ्या आत्याचं सांगते. मूलबाळ नव्हतं, काका आधीच गेलेले. ती गेल्यावर तिच्या लोखंडी पेटीत, इरकलीच्या घडीखाली, एक दोनशे पानी वही सापडली. पहिली सोळा पानं दुधाचा हिशोब. सतराव्या पानावर तिच्या त्या वळणदार अक्षरात : 'माझ्या चार पाटल्या व पोस्टातले पैसे गावच्या शाळेला द्यावेत.' खाली तिची सही, तारीख, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराची साक्षीदार म्हणून सही. एकच. कायद्याला दोन लागतात, दोघांनी तिला सही करताना पाहिलेलं लागतं (किंवा 'ही सही माझी' असं तिनं त्यांना सांगितलेलं लागतं), आणि दोघांनी तिच्या देखत सही केलेली लागते. त्या वहीच्या पानाची किंमत शून्य झाली. आणि दुसरी साक्ष असती तरी गावात तेव्हा तीन शाळा होत्या, त्यातली कुठली? मृत्युपत्र नाही, मूल नाही, म्हटल्यावर कायद्यानं सगळं गेलं तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे अशा पुतण्याकडे, ज्यानं वीस वर्षांत तिच्या घराची पायरी चढली नव्हती. त्याचा दोष नव्हता, कायद्यानं ते त्याचंच होतं. पण त्या पाटल्या मी लहानपणी तिच्या हातात फिरवल्या आहेत, आणि त्या शाळेपर्यंत पोचल्या नाहीत याची हळहळ मला अजून वाटते. मी दिवाणी वकिली करते म्हणून नव्हे, तर त्या पानामुळे हे सगळं तुम्हाला इतक्या तपशिलानं लिहिते आहे.

तेव्हा दोन साक्षीदार, आणि शक्यतो तुमच्याहून तरुण. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला जबाब द्यायला यावं लागतं. तुमचे माजी विद्यार्थी आता चाळिशीत असतील. त्यांच्यातले दोघं निवडा, जे गाव सोडून जाणार नाहीत. सही करण्याच्या दिवशीच्या तारखेचा, 'मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत' असा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला जोडा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरही चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करा. संस्था मध्ये आली की नोंदणीचा आधार मोठा असतो.

व्यवस्थापक, म्हणजे ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात, तो कोण? मी म्हणेन मुलगी. ती सांगलीतच आहे. आणि ठेवींवर नॉमिनीही तिचंच नाव लावा. संस्थेला बँकेत नॉमिनी करता येत नाही, तिथं व्यक्तीच लागते. नॉमिनी एक आणि व्यवस्थापक दुसरा असला की एकाच्या हातात पैसे आणि दुसऱ्याच्या हातात जबाबदारी, अशी ओढाताण होते. मात्र मुलीला तसं आधी विचारा, आणि मुलासमोर विचारा.

आता एक वेगळी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. देणगीबरोबर अटी फार घालू नका. आमच्या शाळेत १९७४ साली कुणीतरी आईच्या स्मरणार्थ ५०१ रुपयांची ठेव ठेवली, तिच्या व्याजातून संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस. सात टक्क्यांनी धरलं तर वर्षाला पस्तीस रुपये. परवा बक्षीस समारंभाला गेले होते. मुलीचं नाव पुकारलं, त्या दानशूर आईचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, आणि मुलीच्या हातात एक बॉलपेन आलं. ठेव मोडायची नाही अशी अट आहे, त्यामुळे शाळेलाही काही करता येत नाही. याउलट जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली गेले, त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ साली ट्रस्ट उभा राहिला. त्यांनी उद्देश ठेवले शिक्षण, विद्या, उद्योग, माणसांची दुःखं हलकी करणं, असे रुंद. शंभर वर्षं उलटून गेली तरी त्या पैशाला काम सापडतं आहे. तुमची रक्कम लहान आहे, पण तीच रीत ठेवा : 'ग्रंथखरेदी, अभ्यासिका व वाचकांच्या सोयींसाठी विश्वस्तांना योग्य वाटेल तसा वापर करावा.' कपाटावर यजमानांचं नाव हवं असेल तर 'शक्य झाल्यास' म्हणून लिहा.

आणि सगळंच मागे का ठेवायचं? लाख-दीड लाख आत्ताच द्या. चेकनं, पावती घेऊन. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (जिला ८०जी म्हणतात) असेल आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तर आयकरात सवलतही मिळेल. मृत्युपत्रातून दिलेल्यावर ती मिळत नाही. पण सवलतीसाठी मी हे सांगत नाही. अभ्यासिकेत नवे दिवे लागले, चार मुली तिथं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसल्या, हे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून सांगते. संस्था पैसे कसे वापरते तेही कळेल. नीट वापरले तर मृत्युपत्रातला हिस्सा वाढवा, नाही तर काढून टाका. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, तेवढ्यासाठी पुरवणी मृत्युपत्रही पुरतं. तिलाही दोन साक्षीदार लागतात.

राहिला मुलगा.

त्यानं विचारलं, आमचं काही चुकलं का. तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. बहुधा काहीच दिलं नसणार. आपल्याकडे आई मृत्यूबद्दल बोलायला लागली की मुलं 'काहीतरीच काय बोलतेस' म्हणून उठून जातात, आणि पैशाबद्दल बोलायला लागली की आईच गप्प होते. तुमच्या पत्रातली एक ओळ मला राहून राहून आठवते आहे, त्या कंदिलाची. ती तुम्ही मला, एका अनोळखी बाईला, लिहिलीत. मुलाला कधी सांगितलीत का? आपले वडील रात्री कुठं बसून शिकले, त्या वाचनालयानं फी घेतली की नाही, कंदिलात रॉकेल कोण घालायचं, हे त्याला ठाऊक आहे का? नसेल, तर त्याच्या लेखी ती गावाकडची कुठलीशी संस्था आहे आणि आई आपल्यापेक्षा तिला जवळची मानते. त्याला एकदा गावी घेऊन जा. मुलीलाही. वाचनालयाच्या बाकावर बसा, जुनं सभासद रजिस्टर असेल तर काढायला सांगा, त्यात यजमानांचं नाव सापडतंय का बघा. तिथं बसून सांगा : घर तुमचं दोघांचं, जमीन तुमची, सोन्याचा वाटा हा असा, आणि माझ्या कमाईतला एवढा हिस्सा मी इथं देणार आहे. त्याला राग आलाच तरी तो तुमच्या हयातीत येऊ दे. समोर बसून भांडता येईल, रडता येईल, समजूत काढता येईल. तुमच्या तेराव्याला पाकीट फोडल्यावर येणाऱ्या रागाला उत्तर द्यायला तुम्ही नसाल, आणि त्याची झळ मुलीला लागेल.

नेत्रदानाचं : मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र उघडतं दिवस-कार्य झाल्यावर, आणि डोळे घ्यावे लागतात साधारण सहा तासांच्या आत. नेत्रपेढीत नाव नोंदवा आणि तिचा फोन नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी संमती घरच्यांचीच लागते, म्हणून तिला आणि शेजारच्या घरीही सांगून ठेवा. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पापण्या मिटायच्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची आणि डोक्यावरचा पंखा बंद करायचा. हे चार ओळींत लिहून देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलंत तरी चालेल.